तिसऱ्या वळणाचा हिसका

पाच महिन्यांत यांच्या शरीरातलं काही आपणहून हललं आहे का, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर शोधायला यंत्राची एकच फेरी शिल्लक होती.

डॉ. गार्गी घोरपडे यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर श्रेणिकची, आमच्या मुलाची, सही आधीच झालेली होती. तिच्याखाली माझं नाव छापलेलं होतं, त्रिशला धन्यकुमार मगदूम, आणि पुढे मोकळी जागा.

"घाई नाही काकू," डॉक्टर म्हणाल्या. "गुरुवारची चौथी फेरी होऊ दे. त्यातही काही दिसलं नाही, तर श्वासाचा आधार काढायला डॉक्टरांचं मंडळ परवानगी देईल. तेव्हा ही सही लागेल."

"पाचवी फेरी?"

"नाही देता येत. काहीच दिसत नसताना कानामागची नस थकवण्यात अर्थ नाही. शिवाय यंत्र एकच आहे आणि बाहेर अकरा जण थांबलेत."

श्रेणिक खिडकीपाशी उभा होता. खाली मिरजेचा रस्ता उन्हात तापला होता. माझ्याकडे न वळताच तो म्हणाला, "आई, पप्पांना हे आवडलं असतं का? घशात नळी, नाकात नळी?"

"नसतं आवडलं."

"मग?"

"मग त्यांना विचारू दे. न विचारता मी सही करायची नाही."

"विचारणार कसं? तेच तर होत नाहीये ना!" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. माझ्याशी कुणी मोठ्यानं बोलत नाही, कारण मी स्वतः इतकं हळू बोलते की समोरच्याला आपोआप आवाज उतरवावा लागतो. असं हे, श्रेणिकचे पप्पा, नेहमी सांगायचे.

हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. एकतीस वर्षं बसच्या पोटाखाली पाठीवर झोपून काढली. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. वेड एकच, रोलर कोस्टर. श्रेणिक सात वर्षांचा असताना त्याला एका पार्कात नेलं होतं. पोरगं पहिल्याच उतारावर रडलं आणि उतरलं. हे चार फेऱ्या मारून आले. तेव्हापासून आमचं कुठलंही तीर्थक्षेत्र सरळ वाटेनं झालं नाही. श्रवणबेळगोळला जायचं तर बंगळूरवरून, गिरनारला जायचं तर अहमदाबादवरून. वाटेत हटकून एखादं पार्क लागायचं. "योगायोग गं," म्हणायचे.

मी कधी बसले नाही. मी खाली कठड्यापाशी यांचा चष्मा, चपला आणि पाकीट धरून उभी. गाडी चढावर चढू लागली की माझा णमोकार मंत्र सुरू, स्टेशनात आली की बंद. उतरले की यांचे हात थरथरत असायचे, आणि चष्मा माझ्याकडे. म्हणून म्हणायचे, "लिही." मी वहीत लिहायची. पट्ट्याचं नाव (कोस्टरला हे पट्टा म्हणायचे), किती चढ, किती वळणं, कसं वाटलं, दहापैकी गुण. त्रेसष्ट पट्टे झाले होते. वही माझ्याच पिशवीत असे. यांनी ती कधी उघडून पाहिली नाही. "तू लिहिलंस ना? मग झालं."

डिसेंबरात घरचा पंखा बसवताना स्टुलावरून खाली आले. पडून मेंदूत रक्त साकळलं नव्हतं, मेंदूत रक्त सुटलं म्हणून पडले होते. तेव्हापासून डोळे अर्धे उघडे आणि नजर कुठेच नाही.

*

त्या यंत्राला वॉर्डातल्या सिस्टर 'झोका' म्हणतात. डॉक्टरांनी मला ते पहिल्या दिवशी नीट समजावून दिलं होतं.

आपल्या कानात, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन वाकड्या नळ्या आणि दोन बारीक पिशव्या असतात. नळ्यांतलं पाणी हललं की डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. पिशव्यांतले धुळीएवढे खडे सरकले की आपण वर चाललो की खाली, हे कळतं. ही सगळी खबर विजेच्या रूपानं जाते. म्हणून कानामागे दोन चकत्या चिकटवून अगदी हलका प्रवाह सोडला, तर खाटेवर पडलेल्या माणसाला वाटतं की आपण कड्यावरून खाली चाललोय. आणि ती खबर मेंदूच्या तळाशी, माणसाला जागं ठेवणाऱ्या भागाला लागूनच जाते. आवाजानं, उजेडानं जे जागे होत नाहीत, त्यांतले काही जण पडण्याच्या भावनेनं जागे होतात. हिसक्यानंतर पाच-सात मिनिटं. कधी कधी तेवढंही पुष्कळ असतं.

"बहुतेकांना आम्ही कृत्रिम पडणं देतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पण काकांचं नशीब वेगळं आहे. त्यांच्याकडे स्वतःची पडणी आहेत."

हौशी लोक कानामागे नोंदपट्टी लावून बसतात. गाडी किती वेगानं, कुठल्या कोनात, किती जोरानं वळली ते सगळं तीत उतरतं. यांनी दहा-बारा वर्षं लावली. पण पट्टी माप देते, माणसाला काय वाटलं ते देत नाही. त्यासाठी वही. यंत्रानं माझी सगळी वही वाचली आणि पट्टीतल्या आकड्यांना तिच्यावरून जोर दिला. जिथे 'पोटात गोळा आला' लिहिलं तिथे प्रवाह जास्त, जिथे 'सुखाचं' लिहिलं तिथे मऊ.

आणि परीक्षा मानेची. मानेच्या स्नायूवर एक तार, पडद्यावर एक रेघ. "हिसका बसल्यावर मान आखडली, तर तो नुसता मणक्याचा खेळ," डॉक्टर म्हणाल्या. "पण हिसका बसायच्या आधी आखडली, तर पुढचं वळण त्यांना आठवतंय. म्हणजे आत कुणीतरी आहे."

तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिली गुजरातच्या लाकडी 'मेघनाद'ची. वहीत त्याला दहा गुण होते: 'लाकूड बोलतं. प्रत्येक सांधा किरकिरतो, पण एकही सैल नाही. मुरलेल्या ड्रायव्हरसारखा, गिअर कधी टाकला कळत नाही.' दुसरी फेरी कराडकडच्या 'तक्षक'ची, कारण यांनी तो सगळ्यांत जास्त, एकोणीस वेळा केला होता. तिसरी पुन्हा 'मेघनाद', जास्त जोरानं. तिन्ही वेळा रेघ उठली ती हिसक्यानंतर. दर वेळी.

*

बुधवारी दुपारी डॉक्टर वही चाळत बसल्या होत्या. उद्या काय लावायचं ते ठरवायचं होतं.

"काका फार दयाळू परीक्षक हं," त्या हसून म्हणाल्या. "बंगळूरचा 'ऐरावत': शांत आहे, सात. हैदराबादचा 'शरभ': सुरुवात छान, सात. 'तक्षक': बरा आहे, सात. एकोणीस वेळा 'बरा आहे, सात'. एवढा बरा माणूस मी पाहिला नाही."

त्यांनी वही मिटली.

"उद्या पुन्हा 'मेघनाद'च लावते. 'तक्षक'ची पट्टीही जरा खराबच होती."

"खराब म्हणजे?"

"तिसऱ्या वळणावर एक उंच टोक यायचं. प्रत्येक पट्टीत. पण वहीत त्याबद्दल अक्षर नाही. एवढा हिसका बसला असता तर माणूस 'बरा आहे' म्हणेल का? पट्टी सैल असणार. यंत्रानं ते टोक साफ करून टाकलं."

मी खुर्चीचा हात धरला.

"आई?" श्रेणिक धावत आला. "पाणी देऊ?"

"ती पट्टी सैल नव्हती," मी म्हणाले.

"काय म्हणालात काकू?"

"पट्टी सैल नव्हती. वही खोटी आहे."

ते मला कसं सांगता आलं कोण जाणे. बारा वर्षांपूर्वी आमच्या मंदिरात आर्यिका माताजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. शेवटच्या दिवशी मी नियम घेतला होता: कुणाची, कशाचीही निंदा तोंडानं करणार नाही, हातानं लिहिणार नाही. हातानं, हे मीच जोडून घेतलं होतं. मला तेव्हा वाटलं, लिहायचा प्रसंग माझ्यावर कुठे येतो? आणि पुढच्याच महिन्यात हे एका पट्ट्यावरून उतरले आणि थरथरत म्हणाले, "लिही, भंगार." माझा हात थांबला. मी लिहिलं, 'बरा आहे.' "गुण दोन!" म्हणाले. मी सात लिहिले. घरी आल्यावर रोजचा जाप केला, आणि मला अगदी शांत झोप लागली. निंदा टाळता टाळता मी खोटं लिहीत गेले आणि ते खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, आपण व्रत पाळतोय.

"म्हणजे दुसऱ्या फेरीत..." डॉक्टर उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तो हिसका तिथे होता. मी पुसला."

श्रेणिक माझ्याकडे बघतच राहिला. "किती ठिकाणी आई?"

"तेवीस पट्टे."

"अगं, पण पप्पा एवढं बोलायचे ते..."

"सगळं आठवतं मला."

डॉक्टर पुन्हा बसल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काकू, 'तक्षक' नीट लावायचा तर मला नुसते गुण बदलून चालणार नाहीत. काका काय बोलले ते हवं. कुठल्या वळणावर, कुठल्या बाजूला, कसं. जसंच्या तसं. 'वाईट होता' म्हणून सोडून देऊ नका. यंत्र शब्दांचा जोर मोजतं."

"मला बोलावं लागेल?"

"तुमच्याशिवाय ते कुणाला माहीत आहे?"

मी बाहेर जाऊन हात-पाय धुतले. भिंतीकडे तोंड करून नऊ वेळा णमोकार म्हटला. माताजी कुठे पायी विहारात होत्या ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी विचारायला वेळ नव्हता. प्रायश्चित्त काय पडेल ते पडेल. मी आत आले आणि यांच्या खाटेच्या कडेला बसले. यांच्याकडे पाहिलं तर शब्द तसेच्या तसे आले असते, म्हणून मी यांच्याकडेच पाहिलं.

"सुरुवातीचा चढ," मी म्हणाले. "'साखळीला ग्रीसचा थेंब नाही. कडकड वाजते, म्हातारीच्या गुडघ्यांसारखी. पहिला उतार ठीक, तिथे गप्प बसतो लेकाचा. पहिलं वळण मुळमुळीत. दुसऱ्या वळणाला बाजूची चाकं रुळाला घासतायत, वास येतो. आणि तिसरं वळण...'"

"मोठ्यानं काकू. यंत्राला ऐकू यायला हवं."

आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "'तिसरं वळण ज्यानं वाकवलं तो फुकणीचा जेवून पेंगत होता! रुळाला तिथे पोक आहे, पोक. असा हिसका बसतो की डावा कान डाव्या खांद्याला जाऊन भेटतो. दात दातांवर आपटतात. मान आधीच उजवीकडे दाबून धरायची, नाहीतर दोन दिवस उशी नको वाटते. माझ्या वर्कशॉपातून असली गाडी बाहेर गेली असती ना, तर मी स्वतःला सस्पेंड केलं असतं!'"

कुणीतरी हसलं. श्रेणिक होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "आई, तू फुकणीचा म्हणालीस," असं म्हणाला आणि तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते आणि ते हसण्यानं नव्हे.

"मग एकोणीस वेळा का बसले?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिघाड सापडेपर्यंत गाडीखालून बाहेर यायचं नाही, ही त्यांची पद्धत. दर वेळी उतरून तिथल्या माणसाला सांगायचे, 'साहेब, तिसऱ्या वळणाचा रूळ बघा.' तो म्हणायचा, 'काका, मजा येते म्हणून तर परत परत येता.' तेव्हा हे जे बोलायचे, तेही सांगू?"

"तेही सांगा."

मी तेही सांगितलं. मग थांबता येईना. 'ऐरावत'चं सांगितलं: "'नाव हत्तीचं आणि चाल शेळीची. पाय लोंबकळत ठेवलेत ते चपला पडायला.'" 'शरभ'चं सांगितलं: "'पहिल्या दोन सेकंदांत जे काय ते बोलून टाकतो, पुढे नुसता खोकतो.'" तेवीसच्या तेवीस. ज्यांनी ते पट्टे बांधले त्यांचीही घरंदारं असतील, हे मनात येत होतं, तरी बोलत होते. ऊन खिडकीतून निघून गेलं. श्रेणिक मध्येच म्हणाला, "आई, दिवस आहे तोवर दोन घास खाऊन घे." सूर्यास्तानंतर मी जेवत नाही; त्या दिवशी माझं जेवण राहिलं.

*

गुरुवारी चार वाजता डॉक्टरांनी चकत्या चिकटवल्या. "एक सांगते," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दांनी तिसऱ्या वळणाचा जोर तिपटीनं वाढलाय. आत कुणी असेल, तर त्याला दुखणार आहे."

मुंगी चिरडू नये म्हणून मी अंगणात खाली बघून चालते. "लावा," मी म्हणाले.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. गाडी नाही, साखळी नाही, किंकाळी नाही. पडद्यावर खालच्या रेघेत 'तक्षक' पळत होता, वरच्या रेघेत यांची मान. चढ. रेघ सपाट. उतार, आणि नंतर रेघेला लहानसा काटा. पहिलं वळण, नंतर काटा. दुसरं वळण, नंतर काटा. नेहमीसारखं. श्रेणिकनं माझा हात धरला होता.

आणि मग खालची रेघ अजून सरळच होती, तिसरं वळण यायचं होतं, तेव्हा वरची रेघ उठली. काटा नाही. चढ. हळूहळू, जोर लावत, उजव्या बाजूची. वर जाऊन तिथेच थांबली. धरून ठेवलेली.

मग हिसका आला.

"आधी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "काकू, आधी. जवळजवळ दोन सेकंद आधी."

श्रेणिक खाली बसला. जमिनीवरच. "पप्पा," एवढंच म्हणाला. मग त्याला काय आठवलं ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवलं. याच खोलीत, याच खाटेपाशी, आधार कधी काढायचा ते आम्ही बोललो होतो. तारीखसुद्धा बोललो होतो. कुणास ठाऊक यांनी त्यातलं काय ऐकलं.

डॉक्टर घाईनं सांगत होत्या. "ऐका दोघं. ही जाग पाच मिनिटं राहील, मग ते पुन्हा खाली जातील. आता हे दिसल्यावर चार फेऱ्यांची मर्यादा उठते, यंत्र यांचंच. पण त्यांना वर आणायचं तर हाच पट्टा, हाच हिसका, दिवसातून तीन वेळा द्यावा लागेल. दुसरा कुठलाही चालणार नाही. कितीतरी आठवडे. कदाचित महिने. हाताचं बोट हलेल, डोळा हलेल, की काहीच होणार नाही, मी सांगू शकत नाही. आणि दर वेळी दुखेल."

"आणि नको म्हटलं तर?" श्रेणिकनं विचारलं.

"तर तो कागद आहेच." त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्हाला विचारायचं होतं ना त्यांना? विचारा. हो म्हणायचं असेल तर मान तशीच दाबून धरायला सांगा. नाही म्हणायचं असेल तर सैल राहू दे."

वरची रेघ परत सपाट झाली होती.

मी यांच्या कानाशी वाकले. चकतीच्या कडेनं कातडी लाल झाली होती. इतकी वर्षं यांना किती वेगानं, किती उंचावरून, किती जोरात ते आवडतं हे मी लिहून घेत आले. सोसवेल का, हे कधी विचारलं नव्हतं.

"अहो," मी म्हणाले, "मी आहे. ऐकताय ना? हो असेल तर मान उजवीकडे दाबून धरा, वळणाआधी धरता तशी. नाहीतर सोडून द्या, मला राग नाही. हे बघा, हाच 'तक्षक' रोज तीन वेळा लावायचा म्हणतात. रोज तीन वेळा तो हिसका..."

रेघ वर गेली.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "प्रश्न पुरा झाला नाही काकू. आधार काढायचा नाही असं ठरवायला एवढं उत्तर मला धरता येणार नाही. पुन्हा विचारा. पूर्ण."

"तीन मिनिटं राहिली," श्रेणिक म्हणाला.

रेघ खाली येईपर्यंत आम्ही थांबलो. मी पुन्हा वाकले. या वेळी मुद्दाम एकेक शब्द सुटा करत बोलले, म्हणजे नंतर कुणाला शंका नको. "अहो. रोज..."

रेघ 'रोज' या शब्दालाच उठली. मी घाई केली नाही. तीन वेळा, म्हणाले. हाच हिसका, म्हणाले. कितीतरी महिने, आणि शेवटी काही हाती लागेल की नाही ठाऊक नाही, म्हणाले. सोसाल का, म्हणाले. डॉक्टर मोजत होत्या, श्रेणिक मोठ्यानं रडत होता, आणि माझं वाक्य संपून कितीतरी वेळ झाला तरी ती रेघ खाली आली नाही.